कमी पगाराचा उन्हाळा

परवा नवतपा लागला. रोहिणी नक्षत्रातले हे नऊ दिवस रायपुरात कोणी कोणाला "कसे आहात" विचारत नाही, "कूलर कसा चालून राहिला" एवढंच विचारतात. आमच्याकडे दरवर्षीप्रमाणे यंदाही ऐन वेळेवर कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या. नवी खस ओली झाली की पहिला तासभर घरभर तो मातकट, गोडसर वास पसरतो. इतरांना त्या वासानं गार वाटत असेल. मी मात्र खिडकीपासून लांब जाऊन बसते. सहा वर्षांपूर्वी याच नऊ दिवसांत मला एक गोष्ट ठरवायची होती: चांगल्या पगाराची इस्पितळातली नोकरी सोडून, अर्ध्याहून कमी पगारावर, बीरगावच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कामाला जायचं की नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. म्हणजे लोकांच्या भाषेत "मालिशवाली मॅडम". हा शब्द ऐकून मी पहिली दहा वर्षं चिडले, पुढे चिडायचं सोडून दिलं. शहरातल्या एका मोठ्या खाजगी इस्पितळाच्या फिजिओथेरपी विभागात मी होते. पांढऱ्या फरशा, वीस अंशांवर लावलेला एसी, ओळीनं सहा पलंग आणि प्रत्येक पलंगाला पडदा. एका पेशंटला पंधरा मिनिटं. मशीन लावायची, पट्ट्या चिकटवायच्या, पडदा ओढायचा, दुसऱ्याकडे जायचं. खांदा आखडलेल्या बायका, गुडघे धरलेले व्यापारी, मान धरलेली कॉम्प्युटरवाली पोरं. वाईट काम नव्हतं, लोकांना बरंही वाटायचं. पण संध्याकाळी घरी येताना आज कोणाकोणाला पाहिलं हे आठवायला बसलं तर मला खांदे आठवायचे, चेहरे नाही. याचं मला तेव्हा काही विशेष वाटायचं नाही. पगार वेळेवर व्हायचा, चौबे कॉलनीतल्या घराचा हप्ता जायचा, आणि तात्यापाऱ्यात राहणारी आई शेजारणींना सांगायची की आमची पोट्टी एसीत बसते.

सहदेव साहू त्या वर्षीच्या होळीच्या आसपास आला. बीरगावात राहणारा, कारखान्यात काम करणारा, चाळिशीतला शांत माणूस. अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. विम्याच्या पैशातून त्याला चांगल्यातला कृत्रिम पाय मिळाला होता आणि चालायला शिकवायला तो माझ्याकडे आला. मी त्याला दोन दांड्यांच्या मधून चालवलं, मग काठीनं, मग काठीशिवाय, शेवटी जिन्यावर. मेहनती माणूस. चार आठवड्यांत पांढऱ्या फरशीवर असा चालायला लागला की नव्या नर्सच्या लक्षातही यायचं नाही. मी त्याच्या कागदावर "स्वतंत्रपणे चालतो" या चौकटीत खूण केली. त्या दिवशी मी घरी खुशीत आले होते, हे कबूल करते.

मे महिन्यात इस्पितळाला माहितीपत्रकासाठी एक फोटो पाहिजे होता. सहदेव तपासणीला आला नव्हता आणि फोन लागत नव्हता. मी म्हटलं, मीच जाऊन येते. नवतपा लागायला अजून दोन आठवडे होते, पण ऊन तसंच. डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळला, वर हेल्मेट घातलं आणि स्कूटी काढली. उरल्याच्या कारखान्यांच्या बाजूला जसजसं जाल तसतशी हवा काळपट होत जाते आणि दात कचकच करायला लागतात. गल्लीत तीन जणांना विचारलं तेव्हा घर सापडलं.

दाराबाहेर चपलांची रांग होती. दोन बायकांच्या, एक लहान पोरीची गुलाबी, एक रबरी जोड. त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकून, सहदेवचा पाय उभा होता. बूट घातलेला. बुटाला चकचकीत पॉलिश केलेलं.

मी माझ्या चपला काढल्या, त्या पायाशेजारी ठेवल्या आणि आत गेले. चपला काढताना माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. आत सहदेव एका पायावर, एका हातानं भिंत धरून, उड्या मारत मला बसायला पाट आणायला निघाला होता. भिंतीवर त्याच्या हाताच्या उंचीवर एक काळा पट्टा उमटला होता, दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून चुलीपर्यंत.

"पाय बाहेर का?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

तो गोंधळला. मग म्हणाला, "जूता है ना दीदी. जूता ला घर भीतर कोन लेगथे?"

बूट घालून घरात कोण जातं? अगदी खरं. मग बूट काढून नुसता पाय घालायचा! तेही त्यानं करून पाहिलं होतं. तो पाय टाचेच्या बुटाच्या मापानं बसवलेला होता, बूट काढला की माणूस मागच्या मागं जायचा. दोनदा पडल्यावर त्यानं नाद सोडला. एका खोलीत चूल, चुलीच्या वर देवाचा कोनाडा. तिथे बूट कसा नेणार? म्हणून कामावरून आला की दारात चपलांबरोबर पाय काढायचा आणि सकाळी निघताना घालायचा. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. "मशीन बढ़िया है दीदी," त्या पायाबद्दल तो मला समजावत होता, जणू मलाच धीर द्यायचा होता. त्याच्या बायकोनं बासी वाढली, रात्रीचा भात पाण्यात घातलेला, सोबत कांदा आणि मीठ. तो खाली बसला तो भिंतीला घसरत बसला, आणि उठताना बायकोनं काखेत हात घातला.

इतका राग मला आयुष्यात फार कमी वेळा आला आहे, आणि तो सगळा माझ्यावरच होता. चार आठवडे मी त्या माणसाला चालवलं. त्याच्या पाठीचा बाक मोजला, पावलाचं अंतर मोजलं. घरी जाऊन तू काय करतोस हे एकदाही विचारलं नाही. मी काही परदेशातून आलेली नव्हते. जन्मापासून दारात चपला काढून घरात जाणारी बाई मी! पाय बनवणारा इथलाच, डॉक्टर इथलाच, शिकवणारी मी इथलीच, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही की हा माणूस घरात अनवाणी असणार.

फोटो काही काढला नाही.

शेडबद्दल सहदेवच्या बायकोनंच सांगितलं. दोन गल्ल्या पलीकडे एका ट्रस्टची जागा होती, तिथे पाय बनायचे, पण "गरिबांचे", म्हणून विम्याचा पाय असताना तिकडे कोण जाईल, असं त्यांना वाटलं होतं. मी त्याला स्कूटीवर मागं बसवून घेऊन गेले. पत्र्याखाली भट्टीसारखी धग, प्लास्टरची पांढरी धूळ, भिंतीला टांगलेले तयार पाय. तिथले मुख्य कारागीर मिश्रा भैया, साठीचे, बनियानवर बसलेले, चष्म्याला दोरी. त्यांनी सहदेवचा महागडा पाय उलटासुलटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग विचारायला लागले. जेवायला कुठे बसतोस? संडासला कसा बसतोस? झोपतोस खाटेवर का जमिनीवर? पूजा कोण करतं? पावसाळ्यात गल्लीत पाणी किती भरतं? मी पलीकडे उभी राहून ऐकत होते आणि मला शाळेत गृहपाठ न आणल्यावर वाटायचं तसं वाटत होतं.

पुढचे दोन रविवार मी तिकडेच होते. त्यांनी सहदेवला रबराचं, बोटं असलेलं, अनवाणी चालायचं पाऊल बसवून दिलं. उन्हाळ्यात घामानं उरलेला पाय कृत्रिम पायाच्या वाटीत, सॉकेटमध्ये, घसरतो, म्हणून आत घालायचा सुती मोजा दिवसातून कितीदा बदलायचा ते मी शिकवलं. हे मला माहीत होतं, पण एसीत कधी कोणाला सांगायची वेळच आली नव्हती. दुसऱ्या रविवारी तो घरात उंबरा ओलांडून सरळ चालत चुलीपर्यंत गेला. त्याची लहान पोरगी पाहत होती. ती बापाला म्हणाली, "बाबू, भिंत नइ धरे!" भिंत धरली नाही. एवढंच. मला रडू आलं आणि मी सगळ्यांना सांगितलं की डोळ्यात धूळ गेली.

त्याच दुपारी मिश्रा भैया प्लास्टर कालवता कालवता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, की शेडमध्ये कामाला असलेली फिजिओथेरपीवाली मुलगी लग्न होऊन गेली, ट्रस्टला कोणीतरी पाहिजे, पगार एवढा देतात. आकडा सांगताना त्यांनी आवाज इतका खाली घेतला की मला दोनदा विचारावं लागलं. दोन्ही वेळा तो तेवढाच होता. उद्यापासून नवतपा, तो संपेपर्यंत सांगा, म्हणाले.

आता वाचणाऱ्याला वाटेल, यात ठरवायचं काय होतं? कथेतली बाई असती तर दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आली असती. मी घरी आले आणि पहिल्यांदा फ्रिज उघडून पाहिला. का कोण जाणे! त्या आठवड्यात मी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे असंच पाहिलं, हे राहील का, हे जाईल का. दुधाची दोन पाकिटं की एक? ऋचाचा, माझ्या मुलीचा, कोचिंग क्लास. तेव्हा ती दहावीत जाणार होती. आंबे घ्यायला गेले आणि चांगल्या आंब्यासमोर उभी राहून बारके घेऊन आले. अजून पगार कमी झालेला नव्हता, तरी माझा हात आखडला होता. पन्ह्यात साखर कमी पडली म्हणून घरात सगळे माझ्याकडे पाहायला लागले, तर मीच ओरडले, "कैऱ्याच आंबट होत्या!"

आईला सांगायला तात्यापाऱ्यात गेले. आई पापड लाटत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"येडी झाली काय तू? एसीतली नोकरी सोडून बीरगावात धूळ खायले चालली?"

"आई, तिथे माझ्या कामाचा काही अर्थ आहे."

"अन् इथं काय निरर्थक करून राहिली होती इतकी वर्षं? लोकांचे खांदे बरे नाही झाले?" मग लाटणं ठेवून म्हणाली, "मले एकच सांग. तुझ्या समाधानावर पोट्टीची फी भरता येते काय?"

  मी चार पापड वाळत घातले आणि परत आले.

ऋचाला विचारलं. आमची पोरगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. कानातून एक तार काढून म्हणाली, "मम्मी, आप करो ना यार. बस मेरी कोचिंग मत छुड़वाना." आणि तार परत कानात. तिचा पाठिंबा आणि तिची अट एका दमात आले, हे मला बरं वाटलं. निदान सरळ बोलली.

इस्पितळातही कुणकुण लागली होती. व्यवस्थापकांनी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, मॅडम, पुढच्या वर्षी तुम्ही विभागप्रमुख. चांगले होते हो ते. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. त्या दिवशी शेवटच्या पेशंटला, एका आखडलेल्या खांद्याच्या बाईला, मी पंधरा मिनिटांच्या जागी पाऊण तास घेतला. घरी केस कशा विंचरता, वरच्या फळीवरचा डबा कोण काढतं, सगळं विचारलं. बाई खुश झाली. बाहेर तीन जण खोळंबले आणि रिसेप्शनवाल्या मुलीनं मला दोनदा फोन केला. तेव्हा मला कळलं की इथे राहून तसं काम करता येणार नाही. कोणी वाईट होतं म्हणून नाही, ती जागाच तशी बांधलेली होती.

राहिले आमचे हे. शिरीष सळया बनवणाऱ्या कंपनीत विक्रीचं काम पाहतात. महिन्यातले पंधरा दिवस जगदलपूर, अंबिकापूर, कोरबा करत फिरतात. दुकानदारांची मर्जी सांभाळायची, ऑर्डर आणायच्या. मी आठवडाभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडणाची तयारी केली होती. हे म्हणतील, मग मी ते म्हणीन. नवतपाच्या नवव्या दिवशी सकाळी ते कूलरची ताटी काढून नळाखाली धुवत होते. मी तिथेच उभी राहून सगळं एका दमात सांगितलं, पगाराच्या आकड्यासकट.

त्यांनी ताटी झटकली. म्हणाले, "कर. मी आहो नं."

बस! एवढंच? माझी सगळी तयारी वाया. खरं सांगू, मला थोडा रागच आला. इतक्या सहज हो म्हणतात म्हणजे यांना माझ्या नोकरीची किंमत नव्हती काय, असंही मनात आलं. मी त्यांना दोनदा विचारलं, नक्की ना? ते म्हणाले, नक्की. आणि ताटी परत बसवायला लागले.

तर मी गेले. त्याला सहा वर्षं झाली. समाधान समाधान म्हणतात ते रोज दारात उभं राहून स्वागत करत नाही, हे मी इथे सांगून टाकते. शेडमध्ये पंखा आहे, तो गरम हवा इकडून तिकडे फिरवतो. प्लास्टरच्या धुळीनं मला दर हिवाळ्यात खोकला होतो. मिश्रा भैया हट्टी आहेत, आणि माझ्या पद्धतीनं एखादा व्यायाम करायचा तर त्यांच्याशी तीन दिवस वाद घालावा लागतो. काही पेशंट पाय घेऊन जातात आणि परत तोंड दाखवत नाहीत. काही दिवस नुसते कंटाळ्याचे. पण आता संध्याकाळी मला चेहरे आठवतात. घरी गेल्यावर तुम्ही काय करता, हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर ऐकायला माझ्याकडे वेळ असतो. शेतात रोपणी करणाऱ्या एका बाईसाठी चिखलात रुतणार नाही असं पाऊल आम्ही तीनदा बदलून केलं. ती तिसऱ्यांदा आली ती चालत, डोक्यावर भाजीची टोपली घेऊन. असा दिवस महिन्यातून एखादाच येतो, पण मला तेवढा पुरतो.

कमी पगाराची किंमतही घरानं दिली. बेडरूममध्ये एसी आला नाही. ऋचाचा मोठा क्लास सुटला नाही, पण पुण्याला शिकायला जायचं तिचं स्वप्न आम्ही तिघांनी मिळून गुपचूप विसरून टाकलं. ती इथेच कॉलेजला आहे, शेवटचं वर्ष लागेल. कधी बोलून दाखवत नाही. शिरीष यांचे दौरे पंधराचे वीस दिवस झाले, कारण दौऱ्याचा भत्ता मिळतो. पाहुण्यांसमोर ते माझं कौतुक करतात, ही बघा, मनासारखं काम करते. मी पण जिथे तिथे सांगते, पैशामागं लागू नका, काम आवडीचं पाहिजे. मागच्या वर्षी एका शाळेत मला पोरांसमोर बोलायला बोलावलं होतं, तिथे मी हे अर्धा तास सांगितलं. टाळ्या पडल्या.

परवा, नवतपाचा पहिला दिवस. शिरीष जगदलपूरहून आले होते. अंघोळ करून, बनियानवर, पन्ह्याचा ग्लास घेऊन बसले. उन्हानं मान काळी झालेली. पन्नाशी उलटली यंदा त्यांची. म्हणाले, "एका शाळेत भूगोल शिकवायले माणूस पाहिजे म्हणतात. त्या देशमुख बाईंची नाही काय, लहान शाळा. जूनच्या आत सांगा म्हणाल्या."

मला वाटलं, दुसऱ्या कोणासाठी विचारत आहेत. "कोणाले पाठवता?"

"मीच जावं म्हणून राहिलो."

त्यांनी लग्नाआधी बी.एड. केलं होतं, हे मला ठाऊक होतं. माळ्यावर जुनं शिलाई मशीन आहे हे जसं ठाऊक असतं, तसं. त्याचं कधी काही करायचं असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

"एकदम हे कुठून काढलं तुम्ही?"

"एकदम नाही. मागेही विचारलं होतं त्यांनी." ग्लास फिरवत म्हणाले, "तू बीरगावला जाऊ की नको करून राहिली होती नं, त्याच महिन्यात. मी नाही म्हणून सांगितलं. दोघांनी सोडली असती तर घर कसं चाललं असतं?"

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू गेली असती काय?"

नसते गेले. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्या घरात समाधानाची नोकरी एकालाच परवडत होती, आणि मी ती घेतली, आणि सहा वर्षं मला वाटत राहिलं की ती मी माझ्या हिमतीवर घेतली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी मागितलेलं पाहत होते. आणि माझ्या तोंडातून निघालं, "पगार किती देतात?"

"तुझ्यापेक्षा थोडा कमी."

मी ग्लास उचलून स्वयंपाकघरात गेले. ऋचाचं शेवटचं वर्ष आहे. घराचा हप्ता अजून दोन वर्षं जायचा आहे. आईच्या औषधांचं पाहावं लागतं. पन्नाशीच्या माणसाला नवं काम झेपेल का, पोरं ऐकतील का. सगळी कारणं खरी आहेत, एकही मी बनवलेलं नाही. ग्लास धुवून झाला तरी मी नळ तसाच सोडून उभी होते.

आज तिसरा दिवस. त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही.